बाल्कनीतल्या विटांना लोणा फुटलाय, अ‍ॅसिड मारू का?

बाल्कनीवाली, भांडुप
दोन वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा हौसेने बाल्कनीच्या एका भिंतीचं प्लास्टर उतरवून विटा उघड्या ठेवल्या. (नवऱ्याच्या मते पैसे मोजून काम अर्धवट करून घेतलं.) पहिला पावसाळा ठीक गेला. यंदा ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पांढरी लव आली. बुरशी नाही, बोटाला कोरडी पूड लागते. जिभेला लावून पाहिली, हसू नका, खारट आहे. तीनदा ओल्या फडक्याने पुसली. ओली असते तोवर वीट छान लाल दिसते, दुसऱ्या दिवशी दुपारी परत पांढरी.

भिंतीपलीकडे बाथरूम. तिथे नळाखालच्या टाइल्सवर आणि जॉइंटमध्येही पांढरं साचलंय, पण ते नखाने खरवडूनही निघत नाही. बाथरूमला सोसायटीच्या बोअरिंगचं पाणी येतं. प्लंबर म्हणाला, "ताई, अ‍ॅसिड मारा, दोन्हीकडचं एका झटक्यात जाईल." बाटली आणलीय, अजून उघडलेली नाही.

जुना सुपरवायझर
ताई, बाटली बंदच राहू द्या. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. विटेवरची चिमूटभर पूड वाटीभर पाण्यात टाका. विरघळली तर तो लोणा. टाइलवरचा थर पाण्यात विरघळणार नाही, पण त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकलात तर बुडबुडे येतील. तो जड पाण्यातला चुना.

लोण्याचं गणित सोपं आहे. वीट पाणी पिते, विटेतले आणि सिमेंटमधले क्षार त्यात विरघळतात. पाणी उन्हाकडे सरकतं, उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून भर पावसात दिसत नाही, ऑक्टोबरात फुटतं. ओल्या फडक्याने पुसता म्हणजे तेच मीठ विरघळवून परत विटेला पाजता. कोरड्या ताठ ब्रशने झाडा, खाली वर्तमानपत्र पसरा, पूड उचलून टाकून द्या.

विटांचा ट्रक आला की आम्ही नमुन्याच्या विटा ताटात 25 मिमी पाण्यात उभ्या करायचो. पाणी पिऊन वीट सुकली की पुन्हा तेवढंच पाणी. मग किती भाग पांढरा झाला ते बघायचं: 10 टक्क्यांपर्यंत असला तर किंचित, 50 पर्यंत मध्यम. भारतीय मानक 3495 मध्ये ही चाचणी आहे. तुमच्या विटा मात्र दोन वर्षं गप्प होत्या, म्हणजे पाणी नव्याने येतंय. ते कुठून येतं ते आधी शोधा.

पार्लेकर
अ‍ॅसिडचा अनुभव माझ्याकडून फुकट घ्या. बाथरूमच्या टाइल्स लखलखीत झाल्या, पण जॉइंटमधलं सिमेंट भुसभुशीत होऊन झाडूबरोबर निघालं. शिंतोडे उंबऱ्याच्या कडप्प्यावर उडाले, तिथे कायमचे मळकट डाग. आता मी लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व घालतो. जॉइंट आधी साध्या पाण्याने भिजवतो, म्हणजे ते आंबट पाणी शोषत नाहीत. पाच मिनिटं ठेवून प्लास्टिकच्या ब्रशने घासतो, भरपूर पाण्याने धुतो. संगमरवर किंवा कोटा असेल तर हेही नको. आणि अ‍ॅसिड असो वा लिंबूसत्त्व, ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो.

रंगारी_नं_१
एवढं कशाला? विटांवर एक हात ऑइलपेंट मारा, विषय संपला.

जुना सुपरवायझर
विषय संपत नाही, आत जातो. पाण्याला बाहेर पडायला वाव मिळाला नाही की मीठ रंगामागे साचतं, रंगाला फोड येतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

बाल्कनीवाली, भांडुप
काय झालं ते सांगते. पूड विरघळली, म्हणजे लोणाच. खालच्या काकूंना आधी सांगून ठेवलं, नहाणीला बोळा कोंबला आणि बाथरूमच्या फरशीवर इंचभर पाणी रात्रभर उभं केलं. बाल्कनीत ओल जिथपर्यंत होती तिथे विटेवर पेन्सिलने रेघ मारली. सकाळी ओल रेघेच्या चार बोटं वर! काकूंच्या छतावर काही नाही, देवाची कृपा.

गवंड्याने कोपऱ्यात सुरी घातली तर भिंत आणि फरशीच्या सांध्यातलं व्हाइट सिमेंट पात्यासकट बाहेर आलं, आत पोकळी. ती साफ करून आता इपॉक्सी भरायचं ठरलंय. पार्लेकर, तुमच्या लिंबूसत्त्वाने नळाखालचं बरंचसं निघालं, तळाची एक रांग अजून हट्टी आहे. विटा कोरड्या ब्रशने झाडल्या, मूठभर पूड निघाली. अ‍ॅसिडची बाटली सीलबंद होती, दुकानदाराने परत घेतली, बदल्यात ब्रश दिला. सुपरवायझरकाका, भिंत पुरती सुकायला किती दिवस धरू? नवरा रोज पेन्सिलची रेघ बघून येतो.

जुना सुपरवायझर
दिवस मोजू नका. झाडल्यावर आठवडाभर नवी पूड आली नाही की सुकली समजा. बाल्कनी धुताना त्या भिंतीवर पाणी मारू नका, आणि तिथे कुंड्या असतील तर हलवा.

बाल्कनीवाली, भांडुप
कुंड्या आहेत. सहा. हलवते.