चौघांचं लिखाण, एकच अहवाल: वर्डमध्ये कोणते शॉर्टकट खरंच कामाचे?

कागदफूल
विंडोजवर वर्ड आहे. चौघांनी आपापल्या फाइलीत लिहिलेला मजकूर जोडून शंभरेक पानांचा अहवाल करायचाय. फॉण्ट वेगवेगळे, मथळे हाताने ठळक केलेले, परिच्छेदांमध्ये दोन-तीन रिकाम्या ओळी. कॉपी-पेस्ट, सेव्ह, अनडू येतं. लांबलचक यादी नको, या कामाला लागतील तेवढेच सांगा.

समासरेषा
निम्मी साफसफाई पेस्ट करतानाच होते. कंट्रोल+व्ही झाल्यावर लगेच नुसतं कंट्रोल दाबून सोडा, छोटा मेनू उघडेल. त्यात एम दाबलं की मजकूर तुमच्या फाइलीचा फॉण्ट घेतो आणि ठळक-तिरपे शब्द तसेच राहतात. टी दाबलं तर निव्वळ मजकूर येतो, चित्रं गळतात. कंट्रोल+शिफ्ट+व्ही जपून वापरा: ताज्या वर्डमध्ये त्याने साधा मजकूर पेस्ट होतो, जुन्यात मात्र कॉपी केलेलं फॉरमॅट लागतं.

मग मथळे. कर्सर त्या ओळीत ठेवून कंट्रोल+ऑल्ट+१ म्हणजे हेडिंग १, वर्डमधली मथळ्याची तयार स्टाइल. तसंच २ आणि ३. पुन्हा साधा परिच्छेद हवा तर कंट्रोल+शिफ्ट+एन. एवढं एक काम नीट केलंत तर अनुक्रमणिका, क्रमांक, प्रकरणांची हलवाहलव सगळं सोपं होतं. म्हणून बाकी काही शिकण्याआधी हे.

ओळखूण
+१. हेडिंग लावून झाली की कंट्रोल+ऑल्ट+ओ दाबा, आउटलाइन, म्हणजे मथळ्यांचा सांगाडा दिसेल. तिथे ऑल्ट+शिफ्ट+१ ने फक्त मुख्य मथळे उरतात. एखाद्या मथळ्यावर राहून ऑल्ट+शिफ्ट+वरचा बाण दाबला की अख्खं प्रकरण, पोटातल्या मजकुरासकट, वर सरकतं. कट-पेस्ट करताना शेवटचा परिच्छेद मागे राहण्याची भीती नाही. परत यायला कंट्रोल+ऑल्ट+पी.

रिकाम्या ओळींसाठी कंट्रोल+एच. शोधायच्या चौकटीत टोपीचं चिन्ह (इंग्रजी कीबोर्डवर शिफ्ट+६) आणि लगेच लहान पी (ही परिच्छेद संपल्याची खूण), हीच जोडी दोनदा. बदलीच्या चौकटीत एकदाच. तीन ओळींच्या जागी आधी दोन होतात, म्हणून रिप्लेस ऑल पुन्हा पुन्हा चालवा. दर वेळी तोच एखादा बदल दाखवत राहिलं तर ती खूण फाइलच्या शेवटी किंवा कोष्टकाला लागून आहे. तिथे थांबा.

कागदफूल
छान! उरलेलं हाताचं फॉरमॅटिंग कंट्रोल+ए, मग कंट्रोल+स्पेस करून एका झटक्यात काढू का?

समासरेषा
अजिबात नको. कंट्रोल+स्पेसने लेखकाने मुद्दाम तिरपे केलेले शब्दही सरळ होतात आणि तळटीपांचे वर चढलेले आकडे खाली ओळीत उतरतात. बिघडलेला परिच्छेद तेवढाच निवडून वापरा. समास किंवा ओळींमधलं अंतर बिघडलं असेल तर कंट्रोल+क्यू. त्याने अक्षरांना धक्का लागत नाही. कुठे काय दडलंय ते बघायला कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून खुणा दाखवा.

दीर्घवेलांटी
मराठी मजकुरात हमखास अडतं ते सांगते. हेडिंगचा आकार बदलला तर इंग्रजी शब्द मोठे होतात आणि देवनागरी जिथल्या तिथे. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतं, तिचा फॉण्ट आणि आकार वेगळा ठेवतं. स्टाइलच्या मॉडिफायमध्ये फॉरमॅट, मग फॉण्ट उघडून खालच्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या भागातही तोच आकार भरा. निवडलेल्या मजकुरापुरतं करायचं तर कंट्रोल+डी.

ओळखूण
शेवटी कंट्रोल+ए, मग एफ९: अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे ताजे होतात. विचारलं तर 'संपूर्ण तक्ता' निवडा, नाहीतर बदललेले मथळे जुनेच राहतात. मात्र कंट्रोल+शिफ्ट+एफ९ चुकून दाबू नका, अनुक्रमणिकेचा साधा मजकूर होतो आणि ती पुन्हा ताजी होत नाही. झालंच तर लगेच कंट्रोल+झेड. लॅपटॉपवर एफच्या कळांनी आवाज किंवा उजेड बदलत असेल तर सोबत एफएन धरा.