टोमॅटोसाठी स्वतःची पिकअप घ्यावी का?

प्रश्न (जुन्नर तालुका):
आमच्या चार एकर बागायतीपैकी दोन एकरांत दरवर्षी टोमॅटो असतो. तोडा सुरू झाला की दिवसाआड साठ-सत्तर क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यावे लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या सगळ्या पिकअप अडकलेल्या असतात. गेल्या हंगामात ठरवलेली गाडी तीन तास उशिरा आली. माल बांधावर उन्हात राहिला आणि भाव पडला. म्हणून जुनी गाडी पाहतो आहे. छोटा हत्ती (टाटा एस हा लहान टेम्पो) पुरेल का?

उत्तर १:
पुरणार नाही. एका क्रेटमध्ये २० किलो माल धरला, तर सत्तर क्रेटचे १,४०० किलो होतात. रिकाम्या क्रेटचे वजन वेगळेच. छोट्या हत्तीची क्षमता साधारण पाऊण टन, म्हणजे दोन खेपा आल्या. दीड टनाच्या पुढची पिकअप पाहावी. जुनी गाडी घेताना हौद्याच्या रंगावर न जाता खाली वाकून मागच्या चाकांवरचे पाटे (भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पाहावेत. मूळच्या गंजलेल्या पाट्यांत एखादा नवा पाटा वाढवलेला दिसला, तर ती गाडी वाळू-विटांच्या ओझ्याखाली राबलेली असण्याचा संभव अधिक.

उत्तर २:
माझ्याकडे नऊ वर्षे पिकअप आहे. केवळ स्वतःच्या दोन एकरांवर हप्ता निघत नाही. हंगाम संपल्यावर इतरांचा कांदा, खते, जनावरे यांची भाडी मारावीच लागतात. शिवाय दारात उभी असलेली पिकअप गावाचीच होते. मध्यरात्री कोणाची गाय अडली, तरी हाक आपल्यालाच येते आणि अशा वेळी डिझेलचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. ते मी आनंदाने करतो; मात्र हौद्यात वऱ्हाड बसवायला साफ नकार देतो, मग पाहुणे रुसले तरी चालतील. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो, वऱ्हाडी येत नाहीत.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. माझा परवाना मोटारीचा आहे; तो चालेल का?

उत्तर १:
चालेल. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मालासह एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल, तर गाडीला मालवाहतुकीचे परमिटही लागत नाही. मोठ्या पिकअप त्या मर्यादेच्या पुढे जातात, तेव्हा आरसी पुस्तकातला आकडा पाहूनच सौदा करावा.

प्रश्नकर्ता:
रविवारी एक गाडी पाहायला जातो आहे. चुलतभाऊ निम्मे पैसे घालायला तयार आहे. त्याचाही एक एकर टोमॅटो आहे, पण त्याचा तोडा आमच्याच दिवशी येतो.