‘पेंतितो’ला मराठीत काय म्हणावं?

कोरा_कागद: सिसिलीच्या माफियावरचं एक पुस्तक मराठीत आणतेय, कथा-कादंबरी नव्हे. पानोपानी ‘पेंतितो’ येतो: टोळीतला, पण सरकारी वकिलांपुढे सगळं ओकणारा. मी ‘माफीचा साक्षीदार’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘फितूर’ केलं. दोन्ही खटकतात.

वकिली_बाणा: फितूर नकोच. आपल्या बातम्यांत ‘साक्षीदार फितूर झाला’ म्हणजे सरकार पक्षावर उलटला. पेंतितो बरोबर उलट दिशेने जातो, कोर्टातल्या प्रसंगात वाचक गोंधळणारच. पण माफीचा साक्षीदारही चूक. आपल्याकडे (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 306) सगळं खरं सांगायच्या अटीवर माफी मिळते आणि त्या गुन्ह्याचा खटलाच चालत नाही. इटलीत शिक्षा होते, ती फक्त कमी होते. 1992 साली सिसिलीत कापाचीला माफियाविरोधी न्यायाधीश फाल्कोने यांच्या गाड्या उडवणारा स्फोट ज्याने घडवला, तो जोव्हान्नी ब्रुस्का 1996ला पकडला गेला, पुढे बोलता झाला, तरी 25 वर्षं आत होता. 2001च्या कायद्याने तर अटी आणखी कडक केल्या: 180 दिवसांत सगळं सांगायचं, आणि सवलतीआधी निदान पाव शिक्षा भोगायची, जन्मठेप असेल तर 10 वर्षं. ह्यात माफी कुठे आहे?

दौत_टाक: मूळ अर्थ ‘पश्चात्ताप झालेला’. सरळ ‘पश्चात्तापी’ लिहा. चांगला मराठी शब्द असताना अडायचं कशाला?

सांजवात: कारण पश्चात्ताप असतोच असं नाही. माफियातलाच तोम्मासो बुशेत्ता 1984मध्ये फाल्कोनेंना सगळं सांगत होता, पण स्वतःला पेंतितो म्हणवून घ्यायला तयार नव्हता. त्याच्या मते कोसा नोस्त्रा, म्हणजे सिसिलीची माफिया संघटना, बिघडली होती, तो नाही. ‘पश्चात्तापी’ लिहिलंत की हे पानच मराठीत उभं राहत नाही. कायद्यातल्या संज्ञेचा अर्थ ‘न्यायाला सहकार्य करणारा’ एवढाच आहे.

वकिली_बाणा: आणि ‘साक्षीदार’ राखून ठेवा. गुन्ह्यात नसलेला, धमकी आल्यावर पुढे येऊन साक्ष देणारा दुकानदार हा तिथे कायद्याने वेगळा वर्ग आहे.

दौत_टाक: मग ‘न्यायसहकारी’?

सांजवात: सहकारी बँकेसारखं वाटतं. ‘पेंतितो’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा. बरं, ‘पित्सो’ला, म्हणजे माफिया दुकानदारांकडून उकळते त्या पैशाला, काय केलंय?

कोरा_कागद: हप्ता.

दौत_टाक: हप्ता म्हणजे आठवडा, फारसी. पित्सो बऱ्याचदा महिन्याला, नाहीतर नाताळ-ईस्टरला वसूल होतो. खंडणी लिहा.

सांजवात: घराच्या कर्जाचा हप्ता महिन्यालाच जातो, कुणाला आठवडा आठवतो? खंडणी म्हटलं की आधी अपहरण डोळ्यांपुढे येतं. पित्सो म्हणजे दुकान चालू ठेवण्याची कायमची किंमत. कधी रोख, कधी ‘माल अमक्याकडूनच घे’. सिसिलियनमध्ये ‘पित्सू’ म्हणजे चोच, पैसे घेणं म्हणजे चोच भिजवणं. आपल्या ‘हात ओले करणे’च्या जवळचं.

दौत_टाक: खंडणी ‘खंडणे’वरून, म्हणजे रक्कम ठरवून टाकणे. जमीन खंडाने देतात तोच खंड. पित्सोही घासाघीस करून ठरतो, एकदा ठरला की ठरला. ह्याहून चपखल काय हवं?

वकिली_बाणा: पित्सो द्यायला नकार देणारे पालेर्मोचे उद्योजक लिबेरो ग्रास्सी, त्यांचं 10 जानेवारी 1991चं खंडणीखोराला उद्देशून लिहिलेलं पत्र पुस्तकात असेलच. पालेर्मोच्या दैनिकात जाहीर छापलेलं, त्याच ऑगस्टात त्यांचा खून झाला. त्याचा मायना ‘प्रिय खंडणीखोर’ असाच हवा. ‘प्रिय हप्तेखोर’ने पत्राचा सगळा भार जातो.

सांजवात: तिथे खंडणीखोर मान्य. पण पालेर्मोचा भाजीवाला महिन्याला देतो तो हप्ताच.

कोरा_कागद: आणि पेंतितो? संपादकांना उद्या कळवायचंय.

दौत_टाक: आधी खंडणीचं होऊ दे.