‘निकामी’ दारूगोळा फुटतो का?

कपाशीचं बोंड
वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी संगणकावर बसते. दाखले, पावत्या, ऑनलाइन अर्ज, सगळं माझ्याकडे. मागच्या सोमवारी एक सूचना आली. आज सरपंचबाई म्हणाल्या, ‘हे लोकायले समजंन असं लिहून दे वो, उद्या दवंडी द्याची हाय.’ कोणत्या कार्यालयाची ते सोडा, मजकूर असा:

‘निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या प्रयोजनार्थ परिशिष्टात विनिर्दिष्ट केलेल्या बाधित क्षेत्रात सकाळी ९ ते सायंकाळी ५ या कालावधीत नागरिकांनी प्रवेश करणे अथवा पशुधनास प्रवेश करू देणे वर्जित आहे. तदनंतर आढळून येणाऱ्या अवशेषांना हस्ते-परहस्ते हाताळू नये. याबाबत कोणाची हरकत असल्यास...’

मी लिहिलं: ‘सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच त्या भागात कोणी जाऊ नका, ढोरं-बकऱ्या सोडू नका. नंतर तिथं काही सापडलं तरी हात लावू नका.’ इथवर जमलं. पण पहिला शब्द तसाच ठेवून मामाजींना वाचून दाखवला. ते सुपारी कातरत बसले होते. वर न बघताच म्हणाले, ‘निकामी हाय तं मंग भेव कायचं?’

तर ‘निकामी’ऐवजी काय लिहू? दवंडी उद्या सकाळी आहे.

पेठेतला
ताई, ‘निकामी’ उत्तम मराठी शब्द आहे. जे कामाचं उरलं नाही ते निकामी. सूचनेत चूक काहीच नाही. चूक असलीच तर वर्तमानपत्रांची. ‘बाँबशोधक पथकाने बाँब निकामी केला’ असं रोज छापून त्यांनी शब्दाला ‘धोका टळला’ असा अर्थ चिकटवला. तिथे ‘निष्क्रिय केला’ हवं. आणि जाता जाता, ‘ढोरं’ नको. सरकारी सूचनेत ‘गुरे’ किंवा ‘जनावरे’ शोभतं.

वावरातला बाप्पा
शोभाचं काय हाय जी त्याच्यात? आमच्या इकडे सकाळी ढोरं सोडते अन् सांजच्याले ढोरं येते. ढोरकी म्हन्ते त्या पोराले, गुरकी कोणी म्हणत नाई. दवंडीत ‘पशुधन’ म्हटलं तं बुढ्याले वाटंन कोणती योजना आली, अनुदान भेटते का काय.

पेठेतला
आमच्याकडे ‘ढोर’ ही शिवी आहे.

वावरातला बाप्पा
मंग दवंडी तुमच्याकडे थोडीच होऊन रायली.

माजी हवालदार
ताईंचा प्रश्न बाजूला पडायच्या आत लिहितो. बावीस वर्षं फौजेत होतो, त्यातली काही दारूगोळ्याच्या डेपोत. सूचनेतला ‘निकामी’ म्हणजे ‘अनसर्व्हिसेबल’. माल जुना झाला, साठवायची मुदत संपली, नाही तर तपासणीत नापास झाला. तोफेतून नेमका सुटेल याची खात्री राहिली नाही म्हणून तो सैन्याच्या कामाचा नाही. पण फुटण्याच्या कामाचा आहेच. उलट जुना झाला की जास्त लहरी होतो. म्हणून तर लांब मैदानात नेऊन, खड्ड्यात घालून, वरून माती लोटून उडवतात. उडवतानाही सगळाच्या सगळा फुटेल असं नाही. एखादा तसाच बाहेर फेकला जातो आणि गवतात पडून राहतो. पितळ, तांबं, लोखंड. भंगारवाल्याकडे त्याचे पैसे होतात आणि तिथेच घात होतो.

पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानावर नोव्हेंबर २०१८ मध्ये स्फोट झाला, सहा जण गेले. त्यात मजूर होते. जो माल नष्ट करायला आणला होता तोच फुटला. तो माल ‘निकामी’च होता, ताई.

म्हणजे पेपरातला ‘निकामी केला’ आणि सूचनेतला ‘निकामी’ नेमके उलटे आहेत. एकात धोका संपला, दुसऱ्यात आहे तसाच आहे.

कपाशीचं बोंड
काका, हेच मला धड सांगता येत नव्हतं. ‘जिवंत दारूगोळा’ लिहू का मग?

माजी हवालदार
खोटं नाही, पण नको. ‘जिवंत’ म्हटलं की लोकांना चालू मालातला, वापरायचा वाटेल. उद्या कोणी विचारलं तर तुम्हीच अडकाल. मारलेला पण न फुटलेला गोळा असेल तर फौजेत त्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. रेंजवर ‘ब्लाइंड पडला’ असं ओरडलं की सगळे जागच्या जागी.

पेठेतला
‘अंध गोळा’! सुंदर शब्द आहे. चालवायला हवा.

झाडीपट्टीतली
दिवाळीत न फुटलेल्याला आपण ‘फुसका’ म्हणतो तसंच ना? माझ्या भावाने लहानपणी फुसका निघालेला सुतळी बाँब उचलला आणि हातात फुटला. दोन बोटं अजून वाकत नाहीत. शाळेत त्याला फुसक्याच म्हणायचे. सांगायचं हे की ‘फुसका’ही नको. त्यातही ‘याच्यात दम नाही’ असं ऐकू येतं.

वावरातला बाप्पा
मले तं ‘दारूगोळा’ शब्दच डेंजर वाटते. दारूबंदीचा जिल्हा आमचा. ‘उद्या दारू नष्ट करून रायले’ म्हणून कोतवालानं ओरडलं तं अर्धं गाव पायाले जाईन.

पेठेतला
हसण्यावारी नेऊ नका, शब्द मोठा आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’मध्ये तो अर्थ जिवंत आहे. तिथून मद्य आणि तिथूनच बंदुकीची दारू. फटाक्यांना अजूनही ‘शोभेची दारू’ म्हणतात. हिंदीत ‘गोला-बारूद’ झालं, आपण दारू ठेवली.

नागपूरकर अनुवादक
माझं पोट अशाच मजकुरावर चालतं म्हणून बोलतो. तुम्ही सगळे ‘निकामी’त अडकलात, माझ्या मते खरा खड्डा ‘हरकत’ आहे. विदर्भात माणूस दिवसभर हिंदी-मराठी एकाच तोंडाने बोलतो. एका गावाबाहेर मी दोन पाट्या शेजारी शेजारी पाहिल्या. हिंदी पाटीवर ‘संदिग्ध हरकत दिखे तो सूचना दें’, मराठी पाटीवर ‘हरकत असल्यास कळवावे’. एका आजोबांनी मला सरळ विचारलं, ‘हरकत कराची का नाई कराची?’ हिंदीत हरकत म्हणजे हालचाल, नाही तर आगळीक. मराठीत अडचण, आक्षेप. मुळात अरबीत ती हालचालच. आपल्याकडे ती अडथळा कशी झाली, देव जाणे.

पेठेतला
मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोशही अडथळाच देतो, म्हणजे हा अर्थ चांगला जुना आहे. आणि हालचालीचा अर्थ मराठीतून गेलेला नाही. गवई ‘काय हरकत घेतली!’ म्हणतात ती कोणती?

नागपूरकर अनुवादक
वा, हे सुचलं नव्हतं. ना हरकत प्रमाणपत्र असलेला गवई!
‘संरक्षण’चंही तेच. आपलं संरक्षण खातं, त्यांचा रक्षा मंत्रालय. हिंदीत ‘संरक्षण’ बहुधा जतन किंवा आश्रय देण्याला. गेल्या वर्षी एकाने हिंदीतून मराठीत ‘रक्षा भूमि’चं ‘रक्षा भूमी’ करून ठेवलं. आपल्याकडे रक्षा कशाची असते ते सांगायला नको. स्मशानातला माणूससुद्धा दचकेल.

कपाशीचं बोंड
हरकतीचं वाक्य मी ‘कोणाला काही अडचण असेल तर ग्रामपंचायतीत येऊन सांगा’ असं केलंय. ते चालेल ना? आणि निकामीचं?

भद्रावतीचा पोट्टा
ताई, तुमचं तरी एका दिवसाचं आहे. आमच्या काकाचं प्रकरण ऐका. वावरात घर बांधायला निघाला. कोणीतरी सांगितलं, ‘संरक्षण कामे अधिनियम’ बघून घे. काकाला वाटलं रोजगार हमीसारखं काही काम निघालं असेल, जॉबकार्ड घेऊन गेला! मूळ नाव ‘वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट’, १९०३ चा. तिथे ‘वर्क्स’ म्हणजे कामं नाहीत, संरक्षणाच्या वास्तू. त्या वास्तूपासून २००० यार्डांपर्यंत सरकार जमिनीच्या वापरावर बंधन घालू शकतं. आत १००० ची हद्द, तिच्या आत ५०० ची. जितकं आत जाल तितका फास आवळत जातो. हजाराच्या आत पक्कं बांधकाम नाही, परवानगी काढली तर सहज पाडता येईल असं लाकडाचं खोपडं चालतं. हिरवं कुंपण आणि झाडांच्या रांगाही परवानगीशिवाय लावायच्या नाहीत. पाचशेच्या आत तर वाळक्या काट्याकुट्यांची कुपाटी सवलतीत बसू शकते. हे मला इंग्रजीतून समजलं. मराठीतून वाचलं तेव्हा ‘शुष्क झुडपी कुंपण’ असं काहीतरी होतं. काका म्हणाला, ‘कुपाटी लावता येते एवढं सांगाले शंभर वर्षं लागले काय?’

आणि यार्ड कोणाला कळतो? २००० यार्ड म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या थोडं वर. ‘इथून पांदणीच्या वडापर्यंत’ असं सांगितलं की काका गप्प.

पेठेतला
यार्डाला मराठीत ‘वार’ आहे.

भद्रावतीचा पोट्टा
वार म्हटलं तर काका सोमवार का मंगळवार विचारेल.

झाडीपट्टीतली
‘बाधित क्षेत्र’ पण बदला हो. आमच्याकडे बाधा म्हणजे बाहेरची बाधा. ‘त्या वावराले बाधा हाय’ म्हटलं की लोक लिंबू घेऊन जातील.

वावरातला बाप्पा
नाई तं विषबाधा. यवतमाळले २०१७ मध्ये फवारताना माणसं गेली, तवापासून बाधा शब्द आइकला का पोटात गोळा येते. अन् त्याच्यावरून सुचलं पाय ताई. फवारणीचं औषध मुदत गेलेलं रायते नं? किडीले लागू पडंन का नाई सांगता येत नाई, पण माणसाले लागू पडतेच. तसं सांग. ‘मुदत गेलेला दारूगोळा.’ मामाजीले समजते का नाई पाय.

माजी हवालदार
शाबास. पण सगळ्याच मालाची मुदत गेलेली नसते. काही नवाच तपासणीत नापास होतो. तरी ‘निकामी’पेक्षा शंभर पट बरं.

पेठेतला
‘मुदतबाह्य’ म्हणा, एक शब्द होईल.

नागपूरकर अनुवादक
बाह्य, अंतर्गत, विनिर्दिष्ट. झालं, परत कचेरीत आलो. भाषा संचालनालय १९६० पासून शब्द घडवतंय, त्यातले कितीतरी आज आपण सहज वापरतो, त्याचा मला आदरच आहे. पण घडवणारा टेबलाशी बसलेला असतो आणि ऐकणारा बैल धुत असतो. ‘मुदत गेलेला’ ऐकताना बैल धुणं थांबवावं लागत नाही.

पेठेतला
म्हणजे भाषा फक्त बैल धुणाऱ्यासाठीच ठेवायची? उद्या कायदाही वऱ्हाडीत लिहा. प्रमाण भाषा असते ती चंद्रपूर ते सावंतवाडी एकच अर्थ लागावा म्हणून. तुमचा ‘खाली करा’ घ्या. पुलगावच्या दारूगोळा डेपोला ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आग लागली तेव्हा बातम्यांत ‘गावे खाली केली’ असं लिहिलेलं मी वाचलं. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. गाव रिकामं करतात.

माजी हवालदार
त्या रात्री मी घरीच होतो, पुलगावपासून लांब नाही. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. बाहेर कोणीतरी ओरडत गेलं, ‘खाली करा, खाली करा.’ एकानेही व्याकरण विचारलं नाही. चपला न घालता निघालो.

झाडीपट्टीतली
🙏

पेठेतला
माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं.

कपाशीचं बोंड
काका, आणखी एक विचारते. मामाजींच्या बोलण्यावरून आठवलं. आमच्या गल्लीत एका घरी दाराला अडण म्हणून एक लोखंडी वस्तू ठेवलेली आहे. वीतभर लांब, मागे चार पाती. पोरं त्याला ‘मासा’ म्हणतात. कित्येक वर्षं आहे. रिकामंच असेल ना?

माजी हवालदार
हात लावू नका. उचलू नका, हलवू नका, धुऊन बघू नका, फोटो काढायलाही जवळ जाऊ नका. पोरांना आधी बाजूला करा, दारही तसंच राहू द्या. ११२ वर फोन करून सांगा. रिकामं निघालं तर उत्तमच, पण ते ठरवणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही. लगेच करा, इथे लिहीत बसू नका.

नागपूरकर अनुवादक
ताई, केला का फोन?

वावरातला बाप्पा
अडण नाई म्हणत पण, अडणा म्हन्ते आमच्याकडे.

भद्रावतीचा पोट्टा
बाप्पा, आता?

कपाशीचं बोंड
परवा पोलीस आले, घर मोकळं करायला लावलं. मग पथकाचे लोक येऊन ते घेऊन गेले. रिकामं होतं की भरलेलं, कोणी सांगितलं नाही. त्या घरची आजी रुसली आहे, दार वाऱ्याने आपटतं म्हणून.

दवंडीचं सांगते. मी ‘मुदत गेलेला दारूगोळा’ लिहून दिलं, खाली कंसात ‘फुटू शकतो’ असंही घातलं. कोतवालांनी (आता ‘महसूल सेवक’ म्हणायचं असतं म्हणे, पण ते स्वतःच कोतवाल म्हणतात) कागद घडी करून खिशात टाकला आणि पारावर उभं राहून ओरडले, ‘आइका हो आइकाऽऽ! उद्या मैदानात फटफट होणार हाय. तिकडे ढोरं नेसान तं ढोरं जाईन, तुमी जासान तं तुमी जासान. लोखंड दिसलं तं तुमचा बाप दिसला समजा अन् पाया पडून वापस या.’ मैदानाकडे कोणी गेलं नाही.

पण लेखी सूचना फलकावर लावायची आहे, तिथे अजून ‘निकामी’च छापलेलं आहे. ते खोडून मी वर लिहू शकते का? म्हणजे माझ्या सहीने?

पेठेतला
कोतवाल! ‘कोट्टपाल’, किल्ल्याचा राखणदार. म्हणजे मुळात संरक्षण खात्यातलाच माणूस. आणि ‘दवंडी’ बहुधा कानडीतून आली असावी, ‘डांगोरा’सारखी.

वावरातला बाप्पा
कानडीतून कायले? कोतवाल दवडत दवडत जाते गावभर, म्हणून दवंडी.

पेठेतला
दवडणे म्हणजे घालवणे. दौडणे वेगळं.

झाडीपट्टीतली
आमच्याकडे तर हाकाटी म्हणतात.

वावरातला बाप्पा
हाकाटी जंगलात वाघाले उठवाची रायते माय, दवंडी गावाले.