सीमाभागातल्या मराठी शाळांवर आणि कचेऱ्यांवर लक्ष कोणी ठेवायचं?

खानापूरकर (धागा सुरू करणारा)

आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवी मिळून ४३ पोरं आहेत. कायम शिक्षक एकच. अतिथी शिक्षिका यंदा निम्मा पावसाळा सरल्यावर आल्या. जूनमध्ये पालक देवळात जमले, तासभर चर्चा झाली आणि ठरलं काय, तर मुंबईला निवेदन पाठवायचं. मीही सही केली. घरी आलो आणि झोप लागेना. शिक्षक नेमणारं खातं कर्नाटकाचं, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस तालुक्याच्या गावी, आणि आपण पत्र लिहिलं मुंबईला.

माझं म्हणणं सरळ आहे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात घातला. तो लढलाच पाहिजे, माझं घर त्या लढ्यातलंच आहे. पण निकाल लागेपर्यंत पहिलीतलं पोर पहिलीत थांबत नाही. इथल्या सरकारी कामावर लक्ष ठेवायची जी साधनं कायद्याने आपल्या हातात दिलीत, ती आपण वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ही साधनं कोणती ते सांगतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०क आणि ३५०ख ही कलमं आली. पहिल्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा विशेष अधिकारी नेमला. आपण त्यांना आयुक्त म्हणतो. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि संसदेत मांडला जातो. त्याआधीच, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की वर्गात १० किंवा सगळ्या शाळेत मिळून ४० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. आमच्याकडे ४३ आहेत! शिवाय शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी मातृभाषेतून शिकू इच्छिणाऱ्या मुलांची नावं आगाऊ पटावर नोंदवायची, हीही ठरलेली गोष्ट. तुमच्यापैकी कोणी हा पट डोळ्यांनी पाहिलाय? मी नाही पाहिला. मागितलाही नाही.

आणि एसडीएमसी, म्हणजे शाळेची विकास आणि देखरेख समिती. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. ही समिती म्हणजे स्वातंत्र्यदिनाचा खाऊ वाटणारी मंडळी नव्हे. शिक्षक किती मंजूर, किती हजर, निधी कुठे गेला, हे विचारायचा अधिकार तिचा आहे. येत्या फेब्रुवारीपासून प्रत्येक मराठी शाळेत पालकांनी स्वतः नावांची यादी करावी, बीईओंना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

येळ्ळूरकर

भावा, तळमळ कळते, पण वाट चुकलीय.

तू म्हणतोस ती घटनेची कलमं १९५६ पासून कागदावर आहेत. मग १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्ध माणसं रस्त्यावर का आली? गोळ्या का झेलल्या? कागद असून उपयोग झाला नाही म्हणूनच ना. ते आयुक्त अहवाल लिहितात, शिफारस करतात, त्यांना हुकूम काढता येत नाही. राज्याने मानलं नाही तर पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा अहवालात येतं. त्यांचं बेळगावचं कार्यालयसुद्धा चेन्नईला हलवलं. खानापूरच्या शेतकऱ्याने तक्रार घेऊन चेन्नईला जायचं?

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. तुझ्या प्रत्येक अर्जाची सुरुवात ‘आम्ही भाषिक अल्पसंख्याक’ अशी होणार. मी माझ्या गावात अल्पसंख्याक नाही. आपला सगळा दावाच खेडं हा घटक, सलगता, भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा या चार गोष्टींवर उभा आहे. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपण नाकारला तो यासाठीच. त्याच हाताने अल्पसंख्याक म्हणून सही करायची, हे मला जमणार नाही.

खानापूरकर

दादा, हा शब्द मलाही टोचतो. पण घटनेतला अल्पसंख्याक राज्याच्या हिशोबाने धरला जातो आणि आज गाव ज्या राज्यात आहे त्याच राज्याकडे शिक्षक मागावा लागणार. शिक्षक मागितला म्हणून दावा कसा ढिला पडेल? उलट शाळा बंद पडली तर भाषिक बहुमत तरी कशावर दाखवायचं?

निपाणीची लेक

दोघांनाही एक विचारते, राग मानू नका. मराठी शाळेतली पोरं गेली कुठे? सरकारने पळवली नाहीत. आमच्या गल्लीत ज्यांच्या घरावर भगवा आहे त्यांचीच मुलं सकाळी इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतात. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने कर्नाटक सरकारला सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम लादता येणार नाही, निवड पालकांची. तो खटला इंग्रजी शाळावाल्यांचा होता, पण निवड आपण सगळ्यांनीच केली. माझीही मुलगी इंग्रजीलाच आहे. मराठी शाळेत चार वर्गांना एक बाई, हे बघून कोणती आई मूल तिथे घालेल? म्हणजे शिक्षक नाही म्हणून पट कमी आणि पट कमी म्हणून शिक्षक नाही. ही गाठ निवेदनाने सुटत नाही आणि पोचपावतीनेही सुटेल असं मला वाटत नाही.

कोर्टाच्या आवारातून

शाळेचं सगळे बोलताहेत, न्यायाचं कोणी बोलत नाही. मी बेळगाव जिल्ह्यात वकिली करतो, म्हणून लिहितो.

आधी चांगलं झालेलं सांगतो. पूर्वी सरकारविरुद्ध हायकोर्टात रिट अर्ज करायचा तर बेंगळुरू गाठावं लागे, म्हणजे रात्रभराचा प्रवास. २००८ ला धारवाडला हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ आलं, २०१३ ला ते कायम झालं. आता सकाळी निघून रात्री घरी येता येतं. पैसे मागितले गेले तर लोकायुक्तांकडे जा. २०२२ ला हायकोर्टाने एसीबी, म्हणजे सरकारचा लाचलुचपतविरोधी विभाग, रद्द केल्यापासून लाचेचा तपास पुन्हा तिकडेच आहे.

आता दुखणं. साक्षीदार मराठीत बोलतो, नोंद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होते. कायदा सांगतो की जबाब पूर्ण झाल्यावर साक्षीदाराला तो वाचून दाखवावा आणि दुसऱ्या भाषेत लिहिला असेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावा. हा फार मोठा हक्क आहे. माझ्याच एका पक्षकार आजींनी वाटणीच्या दाव्यात जबाब दिला. ‘विहीर सामाईक’ म्हणाल्या आणि नोंदीत विहीर थोरल्या दिराची झाली. आजींनी अंगठा दिला होता. ती दुरुस्ती करून घ्यायला मला आठ महिने लागले. चूक मुद्दाम झाली असं मी म्हणणार नाही. घाई असते, दिवसाला ढीगभर कामं असतात. पण आजींनी ‘आधी वाचून दाखवा’ एवढं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे निभावलं असतं. मीही त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होतो, हे मला आजही खातं.

म्हणून खानापूरकरांशी मी सहमत आहे. वरून येणारी देखरेख उशिरा येते. अंगठा देण्याआधी विचारणारा माणूस ही पहिली देखरेख. तालुका विधी सेवा समितीकडे बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आपल्या भागात किती जणींना हे ठाऊक आहे?

शिवारातला माणूस

मी कमी शिकलेला, तरी लिहितो. कन्नड वाचायला शिका की ओ! जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर नेणारी भूमी योजना आल्यापासून उतारा कन्नडमध्येच निघतो. माझ्या उताऱ्यात क्षेत्र कमी लागलं होतं, तीन वर्षं मला कळलंच नाही. पोराने कन्नड शिकल्यावर वाचून सांगितलं. मराठी सोडा असं मी म्हणत नाही, घरात मराठीच आहे. पण वाचताच येत नाही त्या कागदावर लक्ष कसं ठेवणार? वकीलसाहेब वाचून दाखवा म्हणायला सांगतात. दाखवणारा खरं वाचतोय हे कशावरून?

येळ्ळूरकर

काका, मला कन्नड वाचता येतं, बोलताही येतं. माझे निम्मे दोस्त कन्नडिग आहेत, भांडण त्यांच्याशी नाही. पण ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलतात तिथे महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेत द्यायच्या, हे केंद्राने आणि राज्यांनी मिळून ठरवलंय. बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणारे १५ टक्क्यांच्या वर आहेत. मग शिकण्याचा भार तुमच्या पोरावर का? सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळावा.

आणि खानापूरकर, एक अडचण ध्यानात घे. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच घेतात. मराठीत लिहिलास तर परत येईल. मात्र ३५० कलमाप्रमाणे साधं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणून तक्रार मराठीत आणि माहितीचा अर्ज हिंदीत, असं कर. मी विरोध करतोय, पण चुकीचा अर्ज करून तू तोंडघशी पडावास असं मला वाटत नाही.

निवृत्त बाई

मी बत्तीस वर्षं मराठी शाळांवर काढली. आगाऊ पटाबद्दल मला नोकरीत एकदाही लेखी सूचना आली नाही आणि मीही वर विचारलं नाही. बदलीची भीती होती, खोटं कशाला सांगू. शिक्षकाने हा पट मागितला तर तो डोळ्यांवर येतो. पालकांनी मागितला तर त्यांची बदली कोण करणार? म्हणून हे काम पालकांचंच. यादीत मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकाची सही आणि ‘मराठी माध्यम हवे’ एवढं पुरे. अंगणवाडीतून नावं घ्या, तिथे सगळी मुलं सापडतात. निपाणीच्या ताईंचा प्रश्न खरा आहे. दुसरा शिक्षक मिळेपर्यंत कोणती आई थांबेल, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

खानापूरकर

बाई, अंगणवाडीचं मनात आलंच नव्हतं. सोमवारी जातो. येळ्ळूरकर दादा, तुमच्या बहिणीचं घर आमच्याच गावात आहे. तिचा धाकटा जूनमध्ये पहिलीला येतोय ना?

येळ्ळूरकर

येतोय. अर्जात ‘भाषिक अल्पसंख्याक’ शब्द घालणार असलास तर माझी सही मागू नकोस, मी देणार नाही. भाच्याचं नाव मात्र यादीत लिही. मराठी माध्यम. सही बहीण करेल.