इयत्तेप्रमाणे शिकवायचं की मुलाच्या पातळीप्रमाणे?

पाटीवाली:
मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी पाचवीला शिकवते. वर्गात काही मुलं धडा घडाघडा वाचतात, काही जोडाक्षराला अडखळतात, आणि काहींना अजून काना-मात्रेचाही भरवसा नाही. हातात मात्र सगळ्यांच्या एकच पुस्तक. ज्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही त्याच्यासमोर मी अपूर्णांकांची बेरीज मांडते, तेव्हा मी त्याला काहीच शिकवत नसते.

माझं म्हणणं असं की तिसरी ते पाचवीची मुलं रोज दीड-दोन तास, फक्त भाषा आणि गणितासाठी, इयत्ता बाजूला ठेवून एकत्र बसवावीत. अक्षरं ओळखणारी एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्या, परिच्छेद आणि गोष्ट वाचणारी तिसऱ्या. उरलेला वेळ आपापल्या वर्गात. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने मुंबईच्या वस्त्यांमध्ये जे काम केलं त्यातून ती वाढली. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना रोज काही वेळ 'बालसखी' वेगळं शिकवायची. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा मुलांचे गुण वाढलेले आढळले.

शिक्षण हक्क कायदाही वाचा. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. ठरल्या मुदतीत सगळा अभ्यासक्रम संपवणं हे एक. त्याच्या लगेच खाली, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल ते जादा शिकवणं हे दुसरं. तपासणीला आलेले साहेब 'किती धडे झाले?' एवढंच विचारतात. दुसऱ्या कर्तव्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

गोदाकाठ:
मॅडम, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण मी ठाम विरोधात आहे. खालच्या गटात कोण बसणार हे आपल्याला आधीच माहीत आहे: तांड्यावरची, पारधी वस्तीवरची, ज्यांच्या घरी पुस्तक उघडून बसायला कुणी नाही अशी मुलं. गावात जी उतरंड आहे तीच तुम्ही वर्गात मांडणार, आणि तीही शास्त्रीय नावाने. फिनलंडने समान शाळा आणल्यावरही गणित आणि परकीय भाषांसाठी काही वर्षं पातळीवार तुकड्या ठेवल्या होत्या. १९८५ मध्ये त्या बंद केल्या आणि सगळी मुलं एकत्र शिकू लागली. आपण उलट दिशेने का जायचं?

दोनशिक्षकी:
पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, साठच्या आत पट. कायद्याच्या हिशोबाने पद पूर्ण भरलेली शाळा आहे आमची. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका. पण मतदार यादीचं काम वर्षभर असतं. वर ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी. तीन गट आणि हातात एक माणूस, तोही मोबाइलवर माहिती भरतोय. कुणाला कुठे बसवायचं हा आमच्यासाठी फार पुढचा प्रश्न आहे.

आईची_नजर:
माझी मुलगी चौथीत आहे, तिला सगळं येतं. तिचा शिष्यवृत्तीचा अभ्यास त्या दोन तासांत बुडणार का? पुढे असलेल्या मुलांचं नुकसान झालं की पालक मुलांना उचलून इंग्रजी शाळेत घालतात, आणि पट घसरला की शाळाच धोक्यात येते. याचाही विचार व्हावा.

जुने_गुरुजी:
मुळात नापास करणं थांबवलं तिथून हे सुरू झालं. २०१९ ला कायदा बदलला, आणि राज्यात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली, हे योग्यच झालं. न येणारं मूल त्याच वर्गात थांबलं तर पाया पक्का होतो.

पाटीवाली:
गुरुजी, आदर ठेवून सांगते, हे पटत नाही. थांबलेल्या मुलासमोर पुन्हा तेच पुस्तक, त्याच गतीने येतं. पाया तिसरीत सुटलाय आणि आपण त्याला पाचवीत दुसऱ्यांदा बसवतो.

आईची_नजर, गोष्ट वाचणाऱ्यांच्या गटालाही त्या वेळात त्यांच्या पुढचं काम द्यायचं आहे. नुसतं बसवून ठेवायचं नाही.

गोदाकाठ, फिनलंडमधल्या त्या तुकड्या मुलाची पुढची वाट ठरवायच्या. मी म्हणते ते गट दर काही आठवड्यांनी तोंडी तपासून बदलायचे. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं आहेत. दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, हंगाम संपला की परततात. हंगामी वसतिगृह सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ती परत येतात तेव्हा पुस्तक शेवटाला आलेलं असतं. ही मुलं ढ नाहीत, त्यांचे महिने फडावर गेलेत. 'सगळे एकत्र' म्हणून त्यांना शेवटच्या धड्यात बसवणं ही समता कशी?

गोदाकाठ:
ऊसतोडीचा मुद्दा मान्य, तिथे तुमचं खरं आहे. पण तुमच्याच उदाहरणातली बालसखी कोण होती? वस्तीतलीच, शाळेचं शिक्षण झालेली, थोड्या मानधनावर काम करणारी मुलगी. म्हणजे सगळ्यात मागच्या मुलांना सगळ्यात कमी प्रशिक्षण मिळालेली व्यक्ती. मुलं शिकली हे तिचं श्रेय, पण व्यवस्थेने तेच कायमचं धोरण करावं का? उद्या पद भरायचं टाळून हेच गट स्वयंसेवकांच्या गळ्यात मारतील. आणि दिवाळीनंतरही एखादं मूल अक्षरगटातच राहिलं, तर त्याचा जाब कोण देणार? ते लिहून येत नाही तोवर मी विरोधातच.

पाटीवाली:
जाब मुख्याध्यापकाने द्यावा, आणि अक्षरगट शाळेतल्या सगळ्यात अनुभवी शिक्षकाकडे असावा. हे नियमात लिहायला माझी तयारी आहे. गटांची यादी भिंतीवर लावायची नाही, हेही. स्वयंसेवक आले तर गोष्टवाल्या गटाजवळ बसतील.

दोनशिक्षकी:
मॅडम, हे सगळं ठीक. आमच्यात अनुभवी शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक, आणि ते आठवड्यात एक-दोन दिवस तालुक्याला बैठकीत. मी तीन गट घेऊन बसलो तर पहिली-दुसरीची पोरं त्या वेळी कुणाकडे?

पाटीवाली:
त्यांनाही गटात घ्या. अक्षर शिकणारा पहिलीतला आणि अक्षरावर अडलेला तिसरीतला एकत्र बसू शकतात. तुमच्याकडे तसेही पाच वर्ग दोन खोल्यांत आहेत.

गोदाकाठ:
पाचवीतल्या पोराला पहिलीच्या शेजारी बसवाल? दुसऱ्या दिवशी ते शाळेत येतंय का बघा.

पाटीवाली:
पाचवीतला तिथे नको, हे बरोबर. त्याला वेगळा अर्धा तास द्यावा लागेल, आणि तो अर्धा तास मतदार यादीच्या कामातून काढावा लागेल. दोनशिक्षकी, तुमच्या केंद्रप्रमुखांकडे कलम २७ चा दाखला देऊन लेखी मागणी करता का? मीही आमच्याकडे देते. मसुदा इथेच टाकते.

दोनशिक्षकी:
टाका. सही मी करतो, पण आधी मुख्याध्यापकांना विचारून.