पाळी 'लांबली' म्हणजे नक्की काय झालं?

निळाई:
परवा दवाखान्यात एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती, आता वाटतेय. माझं वय ४७, गेलं दीड वर्ष पाळीचं पार बिनसलंय, कधी २२ दिवसांनी, कधी पावणेदोन महिन्यांनी, आणि आली की मुक्कामालाच. ह्या वेळी अकरा दिवस झाले तरी थांबेना म्हणून गेले दाखवायला. डॉक्टर तरुण होत्या, मराठीच होत्या. काय होतंय विचारल्यावर मी म्हटलं, "पाळी लांबलीये हो खूप." किती दिवस? अकरा. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आधी युरिनची टेस्ट करून घेऊ, प्रेग्नन्सीची. मी खुर्चीला डाग लागेल ह्या धास्तीने एका कुल्ल्यावर तिरकी बसलेय आणि ह्या मला विचारतायत दिवस राहिलेत का! मग दोघींची ट्यूब पेटली. त्यांना वाटलं तारखेच्या वर अकरा दिवस गेले आणि आलीच नाही, मला सांगायचं होतं की आलीये ती जायचं नाव घेत नाही. दोन्हीला 'लांबली'च!

तर प्रश्न दोन. एक, तुमच्याकडे 'लांबली' कुठल्या अर्थाने म्हणतात? आणि दुसरा, हे जे पेरिमेनोपॉज म्हणतात, पाळी पूर्ण गेलेलीही नाही आणि धड येतही नाही असा जो त्रिशंकू काळ, त्याला मराठीत शब्द काय? रजोनिवृत्ती नको प्लीज, ती अजून झालेली नाहीये, झाली असती तर पेढे वाटले असते.

आजोळ:
आमच्याकडे कराड भागात आली नाही तर 'चुकली' किंवा 'दिवस वर गेले'. "आठ दिवस वर झालेत गं." आणि थांबत नसेल तर पाळीचं नावच घेत नाहीत, 'अंगावर जातंय' म्हणतात. तांबडं जातंय, पांढरं जातंय. माझी आजी त्याला धुपणी म्हणायची, पांढरी धुपणी वेगळी आणि तांबडी वेगळी. 'लांबली' मी फक्त आली नाही ह्याच अर्थाने ऐकलंय, म्हणजे तुझ्या डॉक्टरीणबाई बरोबर, तू चूक. 😀

कोरडवाहू:
पुरुष सदस्य आहे, धाग्यावर चालेल का माहीत नाही, शब्दापुरतं बोलतो. 'लांबणे'चे दोन्ही अर्थ मराठीत नांदतात. जूनमध्ये "पाऊस लांबला" म्हणजे आला नाही, आणि ऑक्टोबरात सोयाबीन काढायला आलेलं असताना "पाऊस लांबला" म्हणजे जात नाही. ऐकणाऱ्याला महिना माहीत असतो म्हणून घोटाळा होत नाही. डॉक्टरांना तुमचा महिना माहीत नव्हता.

आणि 'पाळी' हा शब्द आमच्या राहुरीकडे बायकांइतकाच बाप्यांच्या तोंडी असतो. मुळा धरणाचं आवर्तन सुटलं की पाण्याची पाळी. कुळवाच्या दोन पाळ्या घातल्या. कारखान्यात तिसरी पाळी. पाळी म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणारी खेप. त्यामुळे जी क्रमाने येतच नाही तिला पाळी म्हणायचं का हा खरा शब्दचर्चेचा मुद्दा आहे. आमच्या कालव्यालाही हा आजार आहे म्हणा, शेवटाकडच्या शेताला पाणी कधी येईल सांगता येत नाही आणि आलं की बांध फोडून येतं.

निळाई:
@कोरडवाहू चालेल की, या. बांध फोडून येतं हे तर अगदीच. 🙏

खलबत्ता:
मेनोपॉज हा शब्द तसा फार जुना नाही. गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये ग्रीक तुकडे जोडून केला, महिना अधिक थांबणे. त्यातला 'मेन' आणि आपला 'मास' एकाच मुळातले, चंद्र आणि महिना दोन्ही त्यात आले. म्हणजे मासिक धर्म आणि मेनोपॉज ही चुलत भावंडंच. आणि पेरि म्हणजे आपला परि! परिसर, परिघ, परिक्रमा. अर्थही तोच, भोवतालचं.

आता पुस्तकांत आणि पेपरात 'रजोनिवृत्तिपूर्व काळ' लिहितात ते मला खटकतं. पूर्व म्हणजे आधीचा. पेरिमेनोपॉज फक्त आधीचा नसतो, शेवटच्या पाळीनंतरचं एक वर्षही त्यात धरतात. कारण शेवटची पाळी शेवटची होती हे सलग १२ महिने कोरडे गेल्यावरच कळतं, त्या दिवशी कोणी पाटी लावून जात नाही. तेव्हा शुद्ध भाषेत हवाच असेल तर 'परिनिवृत्ती' करा. कोणी म्हणणार नाही हे मला माहीत आहे.

वरणभात:
परिनिवृत्ती म्हटलं की मला कोणीतरी संन्यास घेतल्यासारखं वाटतं. रजोनिवृत्तीचंही तेच, निवृत्ती म्हटल्यावर निदान पेन्शन तरी पाहिजे.

मी ४९. शब्द माहीत नाही पण उपाय सांगते, कालनिर्णय. मोबाईलमधलं अ‍ॅप मी ठेवून बघितलं, ते बिचारं २८ दिवसांचा हिशेब करून दर महिन्याला 'आज येणार' सांगायचं आणि दर महिन्याला तोंडावर पडायचं, काढून टाकलं. कॅलेंडरवर नुसता डाग असेल तर टिंब, नेहमीसारखी असेल तर फुली, आणि धो धो असेल तर गोल. आमच्याकडे एकदा काय झालं, मे महिन्यात नऊ गोल झाले, ह्यांनी ते दुधाचे खाडे समजून दूधवाल्याचे नऊ दिवसांचे पैसे कापले. तो दारात उभा, "काकू एक दिवस चुकवला नाय ओ मी." ह्यांना काय सांगू, दूधवाल्याला काय सांगू! आता खाडे निळ्या पेनने आणि माझं लाल पेनने. पण डॉक्टरांना त्या पानांचा फोटो दाखवला ना, पाच मिनिटं काही बोलावंच लागलं नाही.

आजोळ:
नऊ गोल 😂😂 बिचारा दूधवाला

तिसरा_डबा:
मोजण्यातही एक भाषेचा घोळ आहे. "शेवटची पाळी कधी आली?" असं विचारतात तेव्हा त्यांना पहिल्या दिवसाची तारीख हवी असते. आपण 'शेवटची' ऐकतो आणि संपली तो दिवस सांगतो, म्हणजे पाच-सात दिवस तिथेच इकडचे तिकडे. दोन पाळ्यांतलं अंतरही पहिल्या दिवसापासून पहिल्या दिवसापर्यंत. मला हे ४५व्या वर्षी कळलं, दोन मुलं झाल्यावर.

आणि तसंही निळाई, अंगावर जात असलं तरी ह्या वयात ती युरिन टेस्ट करतातच बरं का, त्या बाईंनी अगदीच वेड्यासारखं काही केलं नाही.

बाकी उपायांत माझं सगळं लोकलच्या हिशेबाने चालतं, डोंबिवली ते सीएसटी सव्वा तास. पर्समध्ये दोन पॅड, एक जास्तीची निकर, एक काळी पिशवी. पांढरी आणि पिस्ता कलरची सलवार कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली ती गेलीच. ओढणी मोठी. ऑफिसात मैत्रिणीशी कोड ठरलाय, मी उठले की ती मागून बघून 'क्लिअर' म्हणते. मोठमोठ्या बायका आम्ही, शाळेतल्या पोरींसारख्या एकमेकींच्या मागे बघत फिरतो.

दगडफूल:
कोणीतरी वर दिवस राहिलेत का वरून हसलंय म्हणून लिहिते. माझा धाकटा काका आणि माझा थोरला दादा एका वर्गात होते. आजीला ४४व्या वर्षी वाटलं पाळी गेली, तीन महिने आली नाही, सुटले म्हणाली, आणि मग काका झाला. 'शेंडेफळ' हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही, त्यातली निम्मी शेंडेफळं ह्याच घोळातली असणार. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही, तेव्हा काळजी घ्यायची ती घ्याच. आमच्या डॉक्टर म्हणतात पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढे दोन वर्षं, नंतर गेली तर एक वर्ष.

खलबत्ता:
शेंडेफळ मस्त! हे डोक्यात आलं नव्हतं.

अनामिक_सिन्नर:
मला अजून एका शब्दाने फसवलं. 'गाठी'. मी म्हणायचे गाठी पडतायत, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या जातायत. सासूबाईंनी फोनवर नणंदेला सांगितलं, तिला गाठी झाल्यात. नणंद रडत घरी! कारण गाठ म्हटलं की माणूस कॅन्सरपर्यंत पोचतो. मग सोनोग्राफी केली तर खरंच पिशवीत एक गाठ निघाली, फायब्रॉइड, साधी, लहान, आणि मग तर कोण कुठल्या गाठीबद्दल बोलतंय कोणालाच कळेना. आता मी जाणाऱ्या त्या गुठळ्या आणि असलेली ती गाठ असं घरात पाठ करून घेतलंय.

आणि 'अस्तर'. डॉक्टर म्हणाल्या पिशवीचं अस्तर जाड झालंय. मी ब्लाउज शिवते, अस्तर हा माझा रोजचा शब्द, मला एकदम समजलं. त्यांनी सांगितलं ते असं की दर महिन्याला बीज सुटलं की एक हार्मोन तयार होतं, ते त्या अस्तराला आवरतं, वेळेवर उतरवतं. ह्या वयात काही महिने बीज सुटतच नाही, मग आवरणारं कोणी नाही, अस्तरावर अस्तर चढत जातं, पाळी येत नाही येत नाही आणि दोन महिन्यांनी येते ती सगळं एकदम घेऊन. म्हणून उशिरा आलेली पाळी जास्त जाते. इतकी वर्षं मला वाटायचं 'साठलेलं रक्त' जातंय, सगळ्या तसंच म्हणतात ना, साठलेलं सगळं गेलेलं बरं. ते साठलेलं नसतं. जातं ते आपलंच ताजं रक्त, माझं हिमोग्लोबिन ७.८ निघालं तेव्हा कळलं. जिना चढताना धाप लागायची ती मी वयावर ढकलत होते.

तिसरा_डबा:
+१ साठलेलं गेलेलं बरं हे वाक्य बंदच केलं पाहिजे.

दगडफूल:
आणि 'पिशवी' ह्या शब्दावर वेगळा धागा निघेल. पिशवी धुतली, पिशवी सरकली, पिशवी काढली. गर्भाशय म्हटलं की अवयव वाटतो, पिशवी म्हटलं की बाजारातनं आणलेली, झालं काम, टाका काढून. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या ना, ऐन तिशीत पिशव्या काढलेल्या, कारण पाळी आली की खाडा आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. माझ्या चुलत बहिणीलाही ४३व्या वर्षी "कटकट नको, काढून टाका" सांगितलं होतं एका ठिकाणी, दुसरीकडे दाखवलं तर गोळ्यांवर भागलं. प्रत्येकीचं वेगळं असतं, काढावी लागते तेव्हा लागतेच, मी फक्त शब्दाबद्दल बोलतेय.

घडीव:
शब्दचर्चा विभागात वैद्यकीय सल्ले कशाला? आरोग्य विभाग आहे की.

निळाई:
@घडीव अहो शब्द चुकला म्हणून तर चुकीची टेस्ट होत होती माझी, अजून किती शब्दचर्चा हवी?

बरं, मूळ प्रश्न अजून तसाच आहे. काल आईला फोन केला, म्हटलं तुझ्या वेळी ह्याला काय म्हणायचे. ती म्हणाली, "काय म्हणायचे म्हणजे? पाळी जायला आली म्हणायचे." आणि मी गप्पच झाले. जायला आली! म्हातारं माणूस जायला आलं, गाडी यायला झाली, तसं. ह्यात अजून गेलेली नाही हेही आलं, जाणार हेही आलं, कधी ते कोणाला माहीत नाही हेही आलं. आपण नाम शोधत बसलो होतो आणि आपल्या आया क्रियापदाने काम भागवत होत्या.

आजोळ:
अगं हो की! "जायच्या वेळेला असंच होतं" हे तर किती वेळा ऐकलंय. जाताना त्रास देऊन जाते.

खलबत्ता:
मान्य, परिनिवृत्ती मागे घेतो. येतानाचे शब्द बघा किती, न्हाण येणे, पदर येणे, शहाणी होणे, ऋतुप्राप्ती. जातानाचा एकच, तोही असा. सुश्रुतानेही बारा ते पन्नास एवढंच सांगितलंय, पन्नाशीला क्षय होतो म्हणून मोकळा झाला, मधल्या गोंधळाबद्दल त्या श्लोकात काही नाही.

अनामिक_सिन्नर:
फक्त "असंच होतं" ह्यावर माझा राग आहे. ७.८ होईपर्यंत मी तेच ऐकत होते. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, गुठळ्या मोठ्या असतील, किंवा वर्षभर बंद होऊन परत साधा डाग जरी दिसला तरी ते 'असंच' नसतं, दाखवायचं. थायरॉइड पण बघून घ्यायचा, तोही हेच करतो.

कोरडवाहू:
शेवटचं लिहितो. 'परतीचा पाऊस' कसा वाटतो? येतानाचा मान्सून वर्दी देऊन येतो, परतीचा कडकडाट करून, दुपारपर्यंत ऊन, चार वाजता धो धो, परत आठ दिवस काही नाही. आणि मान्सून परत फिरला हे हवामान खातंही लगेच जाहीर करत नाही, १ सप्टेंबरनंतर वायव्येकडे सलग ५ दिवस पाऊस नाही, हवेतली ओल कमी झाली, असं सगळं बघून मग. तुमचे १२ महिने तसे त्यांचे ५ दिवस. घरी मंडळींना विचारलं, त्या म्हणाल्या शब्द बरा आहे पण तुम्ही कुठं लिहिताय हे?

वरणभात:
परतीचा पाऊस!! घेतला. आजपासून ह्यांना हेच सांगणार, आज परतीचा आहे, खिचडी तुम्ही टाका.

निळाई:
मलाही आवडला. सोनोग्राफी झाली, अस्तर जरा जाड आहे, गोळ्या चालू केल्यात, लोहाच्याही. ह्या वेळी डॉक्टरांना लांबली-बिंबली काही नाही म्हटलं, "१२ तारखेला आली, २३पर्यंत जात होतं, दिवसाला सहा पॅड" असं कागदावरच लिहून नेलं.

निळाई (चार महिन्यांनी):
धागा वर काढतेय. तीन महिने वीस दिवस कोरडे गेले होते, लाल पेन कुठे ठेवलंय तेही विसरले होते. आज सकाळी मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यात, मोती कलरची पैठणी. मोजणी परत एकपासून.